चिमणीची फळी

१. बाक

१९७८ सालची गोष्ट. त्या वर्षी थंडी लवकर आली आणि जायचं नाव घेईना. बसस्थानकाच्या बाकावर एक मुलगी बसल्या बसल्या झोपली आहे, असं तिकीटवाल्याला वाटलं. मांडीवर व्हायोलिनची पेटी, पायाशी बॅग, निळ्या कोटाची कॉलर कानापर्यंत ओढलेली. तिची बस लागली, तरी ती हलेना. तेव्हा तो खिडकीतूनच म्हणाला, "अहो बाई, बस तुमच्यासाठी थांबायची नाही हं." मग तो बाहेर आला, वाकून तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पळत टेलिफोनकडे गेला.

तिला घरी चिमणी म्हणत. खायचं ते चिमणीएवढं, आणि तेही निवडून, म्हणून ते नाव पडलं होतं. वय तेवीस. दुसऱ्या शहरातल्या एका शाळेत संगीत शिकवायची नोकरी लागली होती. पहिल्यांदाच घर सोडून निघाली होती.

इस्पितळातले डॉक्टर तिला लहानपणापासून ओळखत होते. ते बाहेर आले, चष्मा काढून पुसत राहिले आणि म्हणाले, "गेली ती. गळा आतून सुजून बंद झाला. तुम्हाला सांगायला नको, तिला मका म्हणजे विष. मका गेलाय पोटात. कुठून, ते तुम्ही बघा."

तिच्या थोरल्या भावाला बघावं लागलंच नाही. तो तसाच घरी आला, स्वयंपाकघरात गेला आणि केक भाजायच्या भांड्याशेजारी ठेवलेला बेकिंग पावडरचा डबा उचलून त्याने बायकोसमोर आपटला.

"यात काय असतं, वाच."

डब्यावर बारीक अक्षरात मक्याचा स्टार्च असं लिहिलेलं होतं. वहिनीने वाचलं आणि भिंतीला टेकत टेकत ती खाली बसली. निघायच्या दिवशी चिमणीसाठी म्हणून केक तिनेच केला होता.

"रविवारी तुला माहेरी पोचवतो," थोरला म्हणाला. "बाळी इथेच राहील. माझ्या मुलीला तुझ्या हातचं खाऊ घालायची माझी छाती नाही."

बाळी त्यांची मुलगी, जेमतेम चालायला लागलेली. ती आईच्या पदराशी खेळत होती. वहिनीने तिला जवळ ओढलं नाही, रडलीही नाही. आत्याला तेच खुपलं.

आत्या म्हणजे चिमणीच्या वडिलांची मोठी बहीण. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाली होती आणि भावजय गेल्यापासून याच घरात राहत होती. रागात एकदा काढलेला निकाल किती वर्षं घरात ठाण मांडून बसतो, हे तिने पाहिलेलं होतं. ती भावाकडे वळली. तो खुर्चीत बसला होता, दोन्ही तळवे वर करून मांडीवर ठेवलेले. साऱ्या गावात त्याला उस्ताद म्हणत. जेलीच्या वड्या करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

"ताई," तो म्हणाला, "मी तिला वाटेत खायला वड्या दिल्या होत्या. नारिंगी. तिच्यासाठी मुद्दाम केल्या होत्या, मका नसलेल्या. एक तरी खाल्ली असेल का गं तिने?"

"आत्ता हे काय काढलंस?"

"मला एवढंच कळायला हवंय. तू शोधून काढशील. तुला येतं ते."

२. पहिली कबुली

शोधून काढायचं आत्याला खरंच येत होतं. ती आणि चिमणीची आई, या दोघींनी मिळून पूर्वी एक मोठा चोर पकडला होता.

चिमणी लहान असताना तिच्या अंगावर गांधी उठायच्या, पोट दुखायचं, कधी श्वास लागायचा. एक डॉक्टर म्हणे जंत, दुसरा म्हणे लाड. तिसऱ्याने, म्हणजे याच डॉक्टरांनी सांगितलं की औषध विसरा आणि मुलगी काय खाते तेवढं बघा. मग नणंद-भावजयींनी पाळत ठेवली. कस्टर्ड दिलं की गांधी. कणीस कधी दाखवलंही नव्हतं, पण कस्टर्डची पावडर मक्याचीच निघाली. मका सापडला, एकदाचं सुटलो, असं त्यांना वाटलं. कसलं सुटतायत? मका वेश बदलून येत होता. दुकानच्या पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून तो घातलेला. सॉस दाट दिसावा म्हणून सॉसमध्ये. बिस्किटात, सुपाच्या पाकिटात, खोकल्याच्या गोड औषधात. एकदा शाळेची पाकिटं चाटून चिकटवताना पोरीची जीभ सुजली, तेव्हा तो डिंकातही निघाला. "मेला घरजावई आहे की काय," चिमणीची आई म्हणायची, "कुठलं दार उघडलं तरी हा आपला आत बसलेला."

शेवटी तिने स्वयंपाकघरातली एक फळी चिमणीच्या नावे करून टाकली. तिथलं मीठ वेगळं, घरी दळलेली साखर वेगळी, डबे वेगळे. दुसऱ्या फळीवरचा चमचाही तिथे जायचा नाही. आई गेली, फळी राहिली. थोरल्याचं लग्न झालं, वहिनी आली आणि आल्या दिवसापासून तिने ती फळी देवासारखी सांभाळली.

मग असं झालं कसं?

आत्या वहिनीजवळ जमिनीवरच बसली. गुडघे कुरकुरले.

"बेकिंग पावडर फळीवरची होती का?"

"फळीवर सोडा आणि लिंबू असतं, आत्या. केक फुगलाच नाही. दगड झाला. पोरगी निघालीय आणि असला केक द्यायचा? म्हणून दुसरा केला. चिमटीभर पावडर बाहेरच्या डब्यातली घेतली. म्हटलं, पावडर ती, त्यात मका कशाला असेल?" वहिनी थांबली. "मीच मारलं तिला. ते काय चुकीचं बोलतायत?"

"तिने खाल्लेला तू पाहिलास?"

"मोठा तुकडा कापून घेतला. म्हणाली, वहिनी, आता भूक नाही, बसमध्ये खाईन. कागदात बांधून घेतला."

"म्हणजे खाताना पाहिलं नाहीस."

"आत्या, वाटेत खाल्लाच असणार. माझ्या हातचं ती कधी टाकत नव्हती."

आत्या उठली. इस्पितळातून आलेला निळा कोट खुंटीला होता. तिने खिसे उलटे केले. रुमाल, बसचं तिकीट, औषधाचं एक पाकीट. केकचा कागद नव्हता. उजव्या खिशाच्या काठावर मात्र पांढरे ठसे होते. बोटं पुन्हापुन्हा खिशात गेल्यासारखे.

ते पिठासारखे मऊ होते. आणि निघायच्या दिवशी चिमणीने घरात पिठाला हातही लावला नव्हता.

३. दुसरी कबुली

घर, मग चढाच्या पायथ्याशी वडिलांचा कारखाना, चढ संपला की औषधाचं दुकान, त्यापुढे घड्याळाचं दुकान आणि शेवटी बसस्थानक. चिमणी याच रस्त्याने चालत गेली होती. आत्याही त्याच रस्त्याने निघाली. कारखान्याच्या फाटकापाशी उकळत्या साखरेचा वास आला. लहानपणी चिमणी या फाटकाशी उभी राहून विचारायची, "बाबा, आज वड्या झोपल्या का?" वड्या ओतून झाल्या की कारखान्यातली माणसं 'गादीवर झोपल्या' म्हणत, त्याचं पोरीला फार कौतुक. आत मात्र तिला घेत नसत. आत पाऊल टाकलं की शिंका आणि डोळ्यांना पाणी. ग्लुकोजच्या पाकाची पिंपं तिथे होती आणि तो पाक मक्याचाच, हे उस्तादांना ठाऊक होतं. त्याची वाफ तिला सोसत नाही, असं सगळे धरून चालत. चिमणीच्या आईचा दंडक होता की कारखान्यातले कपडे कारखान्यात ठेवायचे आणि हात धुऊन, धुतलेल्या कपड्यांनी घरी यायचं. उस्तादांनी तो कधी मोडला नव्हता.

उस्तादांची पोर, आणि तिने बापाच्या हातची एकही वडी कधी खाल्ली नव्हती.

औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. औषधवाले काका काउंटरमागे स्टुलावर बसले होते. आत्याला पाहताच ते उठले आणि दुकानाचं दार लावून घेतलं.

"बाई, तुम्ही येणार हे मला माहीत होतं. मीच पोलिसांकडे जाणार होतो, पण पाय उचलत नव्हता."

"काय केलंत तुम्ही?"

"सर्दी झालीय म्हणाली. मी औषध दिलं. नेहमीचं संपलं होतं, म्हणून दुसऱ्या कंपनीचं दिलं. ती गेल्यावर आठवलं, त्या गोळ्या बांधायला मका वापरतात. मी धावत बाहेर आलो, तर ती दिसेना." त्यांचा आवाज बसला. "तुमच्याच वर्गात होतो मी. तुम्ही सांगायचात, बरणीला हात घालण्याआधी नाव वाचा. नाव वाचलं हो मी. आत काय आहे ते नाही वाचलं."

आत्याने पर्समधून कोटातलं पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. "उघडून बघा."

काकांनी ते खालीवर केलं. सील जसंच्या तसं होतं. एकही गोळी काढलेली नव्हती. ते पाकीट हातात धरून तसेच उभे राहिले आणि मग त्यांनी हुंदका दिला.

"रडताय काय? सुटलात की."

"मी सुटलो बाई, पण ती कुठे आली परत?"

आत्याने त्यांना पाणी दिलं. दुकान त्यांचं आणि पाणी तिने दिलं. मग विचारलं, "दुकानात आली तेव्हा कशी होती? नीट आठवा."

"हसत होती. शिंकत होती. आणि सारखी मान खाजवत होती. मी म्हटलंसुद्धा, लोकरीचा कोट टोचतो वाटतं. ती म्हणाली, असेल."

आत्याचा हात काउंटरवर थांबला. लोकरीच्या त्या कोटाला आतून रेशमी अस्तर होतं. ते तिनेच शिवलं होतं.

म्हणजे चिमणी या दुकानात शिरली, तेव्हाच मका तिच्या पोटात गेलेला होता.

४. तिसरी कबुली

घड्याळवाला तरुण होता. लांब बोटांचा, हळू बोलणारा. चिमणीचं आणि त्याचं जमलेलं आहे, हे आत्याला माहीत होतं. उस्तादांना माहीत नाही, असं ते दोघं समजत होते. प्रत्यक्षात उस्तादांनीच एकदा म्हटलं होतं, "ताई, आपलं भिंतीवरचं घड्याळ वर्षात किती वेळा बिघडतं गं? चिमणीच दर वेळी दुरुस्तीला नेते."

दुकानात सगळी घड्याळं टिकटिकत होती. तो मात्र काम करत नव्हता.

"आत्या," तो म्हणाला. तिला असं तो पहिल्यांदाच म्हणाला. "थोरल्यादादांना सांगा, वहिनींना बोलू नका. ते माझ्यामुळे झालं."

"तूही?" आत्याच्या तोंडून निघून गेलं.

"मी दुपारी खानावळीत सूप प्यायलो होतो. दाट होतं. दाट कशाने करतात, ते मला तिनेच शिकवलं होतं. तिला भेटायचं असलं की मी खाऊन-पिऊन तोंड धुतो, दात घासतो. त्या दिवशी विसरलो. ती जाणार म्हणून मन थाऱ्यावर नव्हतं. आणि निघताना मी तिला..." तो खाली बघत राहिला. "एकदाच."

आत्या स्टूल ओढून बसली. गावात तीन माणसं आपापल्या घरात बसून एकाच मुलीचा खून आपल्या माथी घेत होती.

"ती आली तेव्हा मान खाजवत होती का?"

"हो. ओठही थोडा जाड दिसत होता. म्हणाली, थंडीने फुटलाय. मला म्हणाली, तू काय घड्याळासारखा माझ्या तोंडात डोकावतोस?"

"हे तू जवळ जाण्याआधी की नंतर?"

त्याने वर पाहिलं. विचार केला. "आधी."

"मग ते तुझ्यामुळे नाही. ऐकतोयस का? तुझ्यामुळे नाही. आता सांग, केक कुठे गेला?"

"केक मी खाल्ला. तिने भरवला. म्हणाली, वहिनीने दोनदा केला. दुसऱ्यात काय घातलंय कोण जाणे, मला भीती वाटते, पण टाकवत नाही. तू खा म्हणजे तिला सांगता येईल, केक संपला."

आत्याने डोळे मिटले. वहिनी सुटली. एवढंच जाऊन सांगितलं असतं, तरी पुरलं असतं. पण थोरल्याचा स्वभाव तिला माहीत होता. तो विचारणार, मग कुणी मारलं? आणि समोर पहिलं नाव येईल ते या पोराचं.

"तिच्या तोंडाला कसला वास होता का रे?"

तो लाजला, पण बोलला. "संत्र्याचा. खूप खुश होती त्यावर. म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा बाबांच्या हातचं खाल्लं, चढ चढता चढता निम्म्या संपवल्या. उरलेल्या माझ्यासाठी ठेवून गेली." त्याने खणातून घड्याळाच्या सुट्या भागांची एक डबी काढली. "मला खाववत नाहीत."

डबीत नारिंगी वड्या होत्या. बाजूंनी निस्तेज, वरून सपाट, आणि अंगभर पांढरी पूड.

आत्याने एक वडी उचलली आणि स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. कोटाच्या खिशावर होते तसेच ठसे.

५. थेंब

ती परत औषधाच्या दुकानात गेली. "टिंक्चर आयोडीन द्या. आणि एक ब्लेड."

"कुठे लागलं का बाई?"

"लागेल बहुतेक."

दुकानातल्या बाकावर तिने कागद पसरला. हा प्रयोग तिने वर्षानुवर्षं मुलांना करून दाखवला होता. पावावर आयोडीनचा थेंब टाका, तो काळानिळा होतो. पीठ असेल तिथे आयोडीन काळं पडतं. साखरेवर पडत नाही. मुलं दरवर्षी आश्चर्याने 'ओ' करत आणि तिला दरवर्षी तेवढाच आनंद व्हायचा.

तिने वडीवर थेंब टाकला. वडी काळीनिळी झाली.

औषधवाले काका वाकून बघू लागले.

मग तिने दुसरी वडी ब्लेडने मधोमध कापली आणि आतल्या बाजूवर थेंब टाकला. वाट पाहिली. थेंब पिवळट तपकिरीच राहिला.

उस्तादांनी खोटं सांगितलेलं नव्हतं. वडीच्या आत मका नव्हता. पिठाचा कणही नव्हता. जे काही होतं, ते बाहेरून लागलेलं होतं. मग लागलं कशाचं?

आत्याला फाटकाशी उभी असलेली लहान चिमणी दिसली, शिंकणारी, डोळे चोळणारी. पाकाच्या वाफेने कधी कुणाला शिंका येतात का? शिंका उडत्या पुडीने येतात. भावजयीचा तो दंडक, कपडे बदलून यायचा. आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं चुकीच्या पिंपाकडे बोट दाखवलं.

"बाई, पोलिसांना सांगायचं का?" काकांनी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "मला आधी माझ्या भावाला भेटायचंय. त्याने मला एक प्रश्न विचारला होता."

६. गादी

दुपारची सुट्टी होती. कामगार बाहेर उन्हात बसले होते. उस्ताद आत एकटेच होते. घरी बसवत नव्हतं, म्हणून आले होते, पण काही करत नव्हते. ओतायच्या खोलीत मांडणीवर लाकडी ट्रे रचून ठेवलेले, प्रत्येकात पांढरी पूड सपाट पसरलेली. त्यात लाकडी ठसा दाबला की खळगा पडतो, खळग्यात गरम पाक ओतायचा. पूड ओल शोषून घेते, वडी घट्ट होते. मग चाळायची, ब्रशने झटकायची. तीच पूड वाळवून पुन्हा ट्रेमध्ये. हीच ती गादी. उस्ताद या कारखान्यात पोरवयात लागले, तेव्हापासून ते या पांढऱ्या पुडीत हात घालत आले होते.

कोपऱ्यात एक पोतं होतं. आत्याने त्यावरचं नाव वाचलं आणि पोत्याकडे पाठ करून उभी राहिली.

"कळलं का गं?" उस्तादांनी विचारलं. "खाल्ली का तिने?"

तिने उलट विचारलं, "आधी मला सांग, कशा केल्यास?"

त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत पहिल्यांदा थोडा उजेड आला. "किती वर्षं मनात होतं, ताई. पोरगी लांब चालली, म्हटलं आता नाही तर कधी. पातेलं नवं आणलं. झारा नवा. पाकाच्या पिंपाकडे फिरकलो नाही, नुसती उसाची साखर, तीही तिच्या फळीवरची. रस मी स्वतः काढला. आंबटपणाला लिंबू. दुकानचा अर्क नाही, रंग नाही. घट्ट व्हायला चायना ग्रास. हात साबणाने धुतले, कपडे घरचे घातले. या माणसांना सांगितलं, आज कुणी या खोलीत यायचं नाही."

"आणि मग?"

"मग ओतल्या. छान बसल्या. एरवी आपण वाफ देऊन साखरेत घोळवतो. पण ती बारीक साखर दुकानची, त्यात मका. म्हणून घोळवल्याच नाहीत. प्रवासात एकमेकींना चिकटू नयेत म्हणून नुसती..."

ते दाखवायला त्यांनी हात ट्रेमध्ये घातला. मूठभर पूड उचलली, बोटांतून सोडली. सवयीने, हलकेच, झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालावं तसं.

बोटं मध्येच थांबली.

बाहेर कामगारांपैकी कुणीतरी हसलं. आत उस्ताद आपल्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी कोपऱ्यातल्या पोत्याकडे पाहिलं. त्या पोत्यावरचं नाव त्यांनी हजारदा पाहिलं असेल. पण ठसे, झारा, ब्रश, तशीच गादी. ती खायची वस्तू आहे, असं कारखान्यात कुणाच्याच मनात कधी आलं नव्हतं. पातेल्यात काय आहे असं तुम्ही कुणालाही विचारता, पातेलं कशाचं आहे ते कोण विचारतो?

"ताई," ते म्हणाले. "गादी."

"हो रे."

"मी सगळं काढलं. सगळं काढून टाकलं मी."

"हो."

"आणि मग तिला वड्या यात घोळवून..." ते ट्रेची कड धरून उभे राहिले. आत्याने त्यांचा पांढरा हात दोन्ही हातांत घेतला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा.

मग ती म्हणाली, "ऐक. केक तिने खाल्ला नव्हता, हे सिद्ध आहे. वहिनी सुटेल. बाकीचं मी कुणाला सांगणार नाही. औषधवालाही नाही सांगणार. थोरल्याला म्हणू, कळलं नाही कशाने झालं."

"आणि मग तो जन्मभर ज्याच्या-त्याच्याकडे संशयाने बघत बसेल. सुनेच्या प्रत्येक घासाकडे बघेल." त्यांनी मान हलवली. "नको. मी सांगतो त्याला. पण आधी तू माझं उत्तर दे. खाल्ली का तिने?"

आत्याला शाळेतली सगळी वर्षं आठवली. खरं उत्तर द्यायचं, म्हणून मुलांना केवढी रागवायची ती.

"खाल्ली. चढावरच निम्म्या संपवल्या. त्या घड्याळवाल्याला म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा बाबांच्या हातचं खाल्लं. खूप खुश होती."

उस्ताद रडले ते तेव्हा.

७. नंतर

त्याच संध्याकाळी उस्तादांनी थोरल्याला आणि सुनेला समोर बसवलं आणि स्वतःला न वाचवता, काहीही न झाकता सांगितलं. शेवटी म्हणाले, "तुला कुणाला तरी घराबाहेर काढायचं होतं ना? काढ." थोरला आधी त्यांच्याकडे बघत राहिला, मग उठून त्यांच्या पायाशी बसला. बायकोकडे मात्र त्याला त्या दिवशी बघवलं नाही.

वहिनी माहेरी गेली नाही. नवऱ्याने माफी मागितली, ती तिने ऐकून घेतली. पुढे संसार चांगला झाला, आणखी एक मुलगा झाला. पण केक तिने पुन्हा कधी केला नाही, आणि तो मागायची थोरल्याची कधी हिंमत झाली नाही.

औषधवाले काका औषध देण्याआधी गिऱ्हाइकाला विचारू लागले, तुम्हाला काय चालत नाही? लोक हसायचे, म्हणायचे, काका, रोख चालत नाही. कंपन्यांना पत्रं लिहून गोळ्या कशाने बांधता हे विचारण्यात त्यांचं उरलेलं आयुष्य गेलं. काहींनी उत्तरं दिली.

घड्याळवाल्याने लग्न उशिरा केलं. बायकोला त्याने पहिल्याच दिवशी ती वड्यांची डबी दाखवली. ती शहाणी होती, तिने डबी पुसून परत खणात ठेवली. उस्तादांच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ तो दर वर्षी स्वतः येऊन साफ करून जायचा. बिघडलेलं नसलं तरी.

उस्तादांनी पुन्हा कधी वड्या ओतल्या नाहीत. कारखान्यात जात, पाकाजवळ उभे राहून सांगत, पण ओतायच्या खोलीचा उंबरठा त्यांनी ओलांडला नाही. मालकांच्या मागे लागून त्यांनी डब्यांवर एक ओळ छापून घेतली, की वड्या मक्याच्या पिठात ओतलेल्या आहेत. मालक कुरकुरले. घेणाऱ्यांपैकी ती ओळ फारशी कुणी वाचली नसेल.

स्वयंपाकघरातली फळी कुणी काढली नाही. बाळी मोठी झाली, सगळं खाणारी, धडधाकट. पण घरात नवा माणूस जेवायला आला की ती आधी विचारायची, आणि मग फळीवरचा डबा काढायचा की नाही ते ठरवायची.

आत्या भावाच्या मागे बरीच वर्षं जगली. त्याचं शेवटचं आजारपण तिनेच काढलं. तेव्हा त्याला माणसं ओळखू येत नव्हती, बहीणही नाही. एक प्रश्न मात्र राहिला होता. जो कुणी उशाशी बसेल त्याला तो हळूच विचारायचा, "एक तरी खाल्ली असेल का हो तिने?"

आणि आत्या दर वेळी, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी सांगायची, "खाल्ली. खूप आवडली तिला."

मग तो डोळे मिटायचा. कधी पुढे काही विचारलं नाही.